पाहुण्याच्या आत तू होतास

हणमंता,

तू गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. शेजारच्यांकडं फोन आला, तुझ्या मेव्हण्याचा. "दाजी गेलं," एवढंच तो म्हणाला आणि पुढं लाइनमध्ये नुसती खरखर. मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातनं तेच आलं. फोन ठेवला, घरी आलो आणि कपाटातनं जुनी वही काढून तुझी मापं वाचत बसलो. उंची सहा फूट तीन. छाती एक्केचाळीस. डोक्याचा घेर तेवीस. त्याच्यापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "मान लांब, उपयोगी."

बायकोनं विचारलं, काय झालं. सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला. तिनं तुला उभ्या आयुष्यात दोनदा जेवायला वाढलं असेल. मी मात्र वही वाचत राहिलो. आज महिना होत आला, अजून मला काही होत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. चहा पितो, पेपर वाचतो. विश्रामबागेतल्या चौकात जाऊन भाजी घेऊन येतो. बायको म्हणाली, "रडा की जरा. नाहीतर लिहा तरी." म्हणून लिहितोय.

तुझी माझी गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. मी सांगलीत तीस वर्षं नाटकवाल्यांची तोंडं रंगवणारा माणूस. राजे, राक्षस, नारद, म्हातारे, सगळे माझ्या रंगपेटीतनं उठून स्टेजवर गेले. तू पलटणीत पंधरा वर्षं काढून पेन्शनीवर आलेला नाईक, शिरवळला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडवर वॉचमन. मध्ये बापूसाहेब नसते तर आपण एकाच एसटीत शेजारी बसूनही बोललो नसतो.

बापूसाहेबांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. दुसऱ्यांच्या कॅसेटी भाड्यानं देऊन देऊन त्यांना वाटलं, आपणच एक सिनेमा काढावा. थेटरात लावायचा नाही, सरळ कॅसेटवर, घराघरात. गोष्ट त्यांनीच रचली होती. परग्रहावरचा एक प्राणी पाण्याच्या शोधात पृथ्वीवर येतो आणि नेमका माणदेशाच्या बाजूला, कोरड्या ठणठणीत माळावर उतरतो. लोक त्याला घाबरतात, एक मुलगी त्याला तांब्याभर पाणी देते, आणि शेवटी गावकरी त्याला मारतात. प्राणी मला करायला सांगितला. मी हो म्हणालो. राक्षस मी शंभर केले होते, त्यातलाच एक, असं मला वाटलं.

त्यांच्या डोक्यात आणखी एक होतं. परदेशातनं कुणी नातेवाइकानं त्यांना एक कॅसेट आणून दिली होती. तिच्यात सिनेमा संपल्यावर तो सिनेमा कसा बनवला ते दाखवलं होतं. प्राण्याचं कातडं कसं शिवलं, डोळे कसे हलवले, सगळं. बापूसाहेब म्हणाले, "मास्तर, आपणसुद्धा शेवटी अर्धा तास 'पडद्यामागं' घालायचं. लोकांना बघू दे, सांगलीची माणसं काय करतात." त्यासाठी लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला त्यांनी ठेवला. खांद्यावर कॅमेरा घेऊन तो दिवसभर आपल्या मागं मागं फिरायचा, आठवतंय ना तुला? तू त्याला वऱ्हाडी म्हणायचास.

प्राण्याच्या आत जाणार होता सांगलीचा एक पैलवान. शिरवळच्या शेडमध्ये, तू राखण करायचास त्याच शेडमध्ये, आम्ही यानाचा सेट लावला होता. पैलवानाला मी फोम आणि रबराच्या त्या पोशाखात घातलं, पाठीमागची चेन ओढली आणि दहाव्या मिनिटाला तो आतनं ओरडायला लागला. "मला काढा! कोंडल्यागत हुतंय!" काढला. त्यानं तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि हायवेवर जाऊन गाडीला हात केला. परत आलाच नाही.

बापूसाहेब कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. मी दाराकडं बघितलं तर तू उभा होतास. खाकी शर्ट, हातात काठी, आणि डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून जरा वाकलेलं. मी सरळ टेप घेऊन तुझ्याकडं आलो.

"सिनेमात काम करणार का?"

"कसलं?"

"ह्याच्यात शिरून चालायचं."

तू पोशाखाकडं लांबून बघितलंस, मग जवळ येऊन बोटानं दाबून बघितलंस. बाकीचे सगळे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेत होते. तू मात्र त्याच्या तोंडासमोर उकिडवा बसलास आणि कितीतरी वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "मास्तर, रागवू नका. ह्यो पाण्याला आलाय न्हवं?"

"हो."

"मग ह्येला सुळं कशाला? शिंगं कशाला? पाण्याला आल्यालं जनावर असं दिसतं व्हय? आमच्याकडं या की उन्हाळ्यात. चारा छावणीत गुरं बघा. मान अशी लांब हुती, कातडं हाडाला चिकाटतं, आन् डोळं तेवढं मोठं ऱ्हात्यात."

मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. तीस वर्षं रंगवलेल्या माणसाला एक वॉचमन शिकवतोय. पण दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी होती आणि तू मला एसटीत घालून तुझ्या गावाला नेलंस. औंधच्या अलीकडं उतरलो, यमाईचा डोंगर लांब दिसत होता. तू मला तुमच्या आटलेल्या तळ्यात उतरवलंस. तळाचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, आणि भेगांमधल्या खपल्या कडेनं वर उचललेल्या, पापडासारख्या. "ह्ये बघा कातडं," तू म्हणालास. मी एक खपली रुमालात बांधून घेतली.

त्या खपलीवरनं मी सगळा पोशाख पुन्हा केला. सुळे काढले, शिंगं काढली. रबराच्या दुधात कापूस बुडवून थरावर थर दिले, वाळवले, चिरले, भेगांत काळा रंग भरला. मान लांब केली आणि डोकं तुझ्या डोक्याच्याही वर बसवलं, म्हणजे तो साडेसात फुटांचा झाला. तू त्याच्या गळ्यातनं बाहेर बघायचास. दोन फटी ठेवल्या होत्या, त्यांना काळी जाळी. बघायचं तिथनंच आणि श्वास घ्यायचा तोही तिथनंच. युनिटमधली माणसं त्याला पाहुणा म्हणायला लागली. तो खरंच पाहुणाच दिसायचा, लांबनं चालत आलेला आणि दारात उभा राहिलेला.

आणि तू चाललास काय सुंदर! तुला कुणी शिकवलं नव्हतं. पाय टाकायच्या आधी तू जरा थांबायचास, जमीन धरते का नाही बघितल्यासारखा. मी विचारलं तर म्हणालास, "वर बर्फात असंच चालाय लागतंय." एवढंच. पलटणीतलं तू फार कधी बोलला नाहीस.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे.

मे महिना. तुझ्या गावाच्या माळावर शूटिंग. सकाळी कॅमेरामन म्हणाला, उन्हात जाळीतनं आतल्या माणसाचे डोळे दिसतायत. मी म्हणालो, बघतो. तू झाडाखाली बसून तुझ्या घरनं शालनवहिनींनी पाठवलेली भाकरी खात होतास. मी पाहुण्याची मान मांडीवर घेतली आणि फटींना आतनं जाळीचा आणखी एक पदर चिकटवला. मग वाटलं अजूनही दिसेल, म्हणून दुसराही. तुला सांगितलं नाही. सांगायचं टाळलं असंही नाही, सांगायचं सुचलंच नाही. पोशाख माझा होता. आत माणूस आहे, ही माझ्या लेखी तेव्हा एक अडचण होती. माणसाचे डोळे दिसत होते, ते झाकायचे होते.

दुपारी दोनच्या सुमाराला तिसऱ्यांदा तोच शॉट घेताना तू गुडघ्यावर आलास. सगळ्यांना वाटलं अभिनय करतोयस. बापूसाहेब "वा!" म्हणाले. मग तू आडवा झालास.

मी धावलो. हातात कात्री होती, कंबरेला कायम असायची. छातीवरची शिवण उसवली असती तर चार सेकंदांत तू बाहेर आला असतास. पण शूटिंगचे तीन दिवस बाकी होते, आणि तो पोशाख करायला मला दोन महिने लागले होते. मी ओरडलो, "कापू नका! चेन आहे, चेननं काढू!" तुला पालथा करून चेन ओढायला लागलो. घामानं आणि धुळीनं ती अडकली होती. ओढतोय, ओढतोय. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी कुणीतरी माझ्या हातातनं कात्री हिसकली आणि मानेपासून खाली टरकावलं.

तुझं तोंड बाहेर आलं. लालबुंद, केस चिकटलेले, ओठ पांढरे. कुणी पाणी मारलं. तू डोळे उघडलेस, समोर वऱ्हाडी कॅमेरा लावून उभाच होता, आणि त्याच्याकडं बघून तू हसलास. "पाव्हण्याला पाणी द्या की रं," म्हणालास. सगळा माळ हसला. बापूसाहेबांनी तुला मिठी मारली. मी फाटलेला पोशाख गोळा करत होतो.

पुढं पावसाळाभर संकलन चाललं. एक दिवस बापूसाहेबांनी मला लायब्ररीच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि 'पडद्यामागं'ची कच्ची प्रत दाखवली. मी खपल्या कशा केल्या ते सांगतोय. मला वाटायचं मी एकदोन मिनिटं बोललो असेन, बघतो तर चांगली आठ मिनिटं. "दुष्काळी भागातलं आटलेलं तळं बघून मला ही कल्पना सुचली," असं मी म्हणतोय. मला सुचली! तुझं नावसुद्धा नाही. आणि शेवटी तो माळावरचा प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाहुणा पडतो. एक टकला माणूस कात्री हातात घेऊन वाकलाय आणि ओरडतोय, कापू नका, कापू नका. व्हिडिओवर वेळ दिसत होती कोपऱ्यात. मी मोजलं. पन्नास सेकंद.

बापूसाहेब खूश होते. "ह्याच्यावर कॅसेट जाईल मास्तर. काय माणूस आहे! मरता मरता हसतोय."

मी म्हणालो, "हे काढा."

"का?"

"एक माणूस मरायला टेकला होता. तो तमाशा घरोघरी दाखवायचा? त्याची आई बघेल, बायको बघेल. त्याच्या अब्रूचा विचार करा."

तासभर बोललो. इतका चांगला मी कधीच बोललो नव्हतो. शेवटी बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी एवढा विचारच केला नाही." तो भाग काढला. मी तेवढ्यावर थांबलो नाही. व्हिडिओवाल्याला गाठून सांगितलं, ती मूळ कॅसेट पुसून टाक, साहेबांनी सांगितलंय.

दिवाळीला कॅसेट निघाली. तू मला पोस्टकार्ड टाकलंस, "रविवारी दुपारी या. आईला दाखवायचं हाय." विट्याला गाडी बदलून मी आलो. औंधातनं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला होता तुम्ही. शाळेची खोली, खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला, आणि सगळं गाव त्यात कोंबलेलं. तुझी आई पुढं खुर्चीवर. शालनवहिनी तिच्या पायाशी, मांडीवर तुमची चार वर्षांची रूपा. मला तू आईच्या शेजारची खुर्ची दिलीस आणि स्वतः उभा राहिलास भिंतीला टेकून.

सिनेमा सगळ्यांना आवडला. पाहुणा मेला तेव्हा बायका रडल्या. तू आईला म्हणालास, "ह्यो मीच गं." आईनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

मग 'पडद्यामागं' सुरू झालं. तू पुढं येऊन जमिनीवर बसलास. "आई, आता बघ हां. आता माजं तोंड येतंय."

मी बोललो, आठ मिनिटं. तळ्याचं सांगितलं तेव्हा तू वळून माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "बराबर सांगितलंसा मास्तर." तुझ्या आवाजात काही टोमणा होता का, ते मी आजवर शोधतोय. नव्हता. त्यानंच जास्त त्रास होतो.

मग बापूसाहेब बोलले. मग पाहुणा रिकामा, खिळ्याला टांगलेला. मग तू आत शिरताना, पाठमोरा. मग पाहुणा चालताना. मग नावं.

आई म्हणाली, "कवा येनार रं?"

"झालं की, आई."

"झालं? मग तू कुटं हुतास?"

"आतमदी हुतो," तू म्हणालास.

लोक हसले. तूही हसलास. पोती काढली, ऊन आत आलं. नावांच्या पाटीवर तुझं नाव होतं, बरोबर लिहिलेलं होतं, पण तुझ्या आईला वाचता येत नव्हतं.

मला सोडायला तू फाट्यापर्यंत आलास. गाडीला वेळ होता. तू काठीनं रस्त्यावरचा खडा इकडं तिकडं करत म्हणालास, "मास्तर, ते म्या पडल्यालं कापलं का वो त्येनी?"

मी म्हणालो, "बापूसाहेबांचं काही कळत नाही. मी सांगत होतो ठेवा म्हणून."

हे मी म्हणालो, हणमंता. हे वाक्य मीच म्हणालो. गाडी आली आणि मी चढलो. खिडकीतनं तुला हात केला.

त्यानंतर पाचेक वर्षं तू मला भेटत राहिलास. सांगलीला काही काम काढून यायचास, घेवड्याच्या शेंगा आणायचास, माझ्या खोलीत टोपांच्या आणि दाढ्यांच्या मध्ये पाट टाकून बसायचास. आणि कशावरनंही सुरुवात झाली तरी तुझी गाडी तिथंच यायची.

"पडलो त्यात लाज कसली, मास्तर? पलटणीत परेडला उन्हात माणसं पडत्यात. उचलायचं, पाणी मारायचं, पुन्ना हुबं. त्येला कोन हसत न्हाई."

मी म्हणायचो, "तसं नाही रे. कॅमेऱ्यापुढं बरं दिसत नाही."

"मंग काय बरं दिसतं? पाव्हणा मेल्यालं दावलं न्हवं? आन् त्यो जित्ता निगाला, ते न्हाई दावलं. हे उलटं हाय तुमचं."

तू "तुमचं" म्हणायचास तेव्हा मला ते माझंच वाटायचं आणि मी एखादी दाढी विंचरायला घ्यायचो. पण तुझ्या लेखी तो शब्द शहरातल्या सगळ्यांसाठी होता. एकदा म्हणालास, बापूसाहेबांकडं जाऊन तेवढा तुकडा मागून आणतो, रूपाला दाखवायचाय. मी म्हणालो, जाऊ नकोस, ते आता धंदा बंद करून पुण्याला गेलेत. ते खरंच गेले होते, पण मला पत्ता माहीत होता. तू शेंगांची पिशवी रिकामी केलीस.

आपला वाद तिथंच राहिला. मी अजून मनातल्या मनात तुला उत्तरं देत असतो. एकही टिकत नाही.

तू कसा गेलास ते मेव्हण्यानं नंतर सांगितलं. शिरवळला ड्यूटीवर छातीत कळ आली. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी टेंपोत घालून साताऱ्याकडं काढलं. खंबाटकीचा घाट चढतानाच संपलं. तू पुढं ड्रायव्हरशेजारी बसून होतास, आडवा झाला नाहीस. हे ऐकूनही मला काही झालं नाही. मी फक्त विचारलं, खिडकी उघडी होती का.

तेराव्याला मी तुझ्या घरी आलो. सोप्यात तुझा फोटो लावला होता, आणि मला तू ओळखू आला नाहीस. पलटणीच्या ओळखपत्रावरचा चिमुकला फोटो मोठा करून आणलेला. अठरा-एकोणीस वर्षांचा, डोकं भादरलेला एक पोरगा, मोठं करताना नाकडोळे विरघळलेले. त्याला हार घातला होता.

जेवणं झाल्यावर शालनवहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. "मास्तर, एक इचारू? त्यांचा धड फोटूच न्हाई वो घरात. लग्नात काडल्याले पावसात भिजून गेलं. औंधचा फोटूवाला म्हनतो, टीव्हीवरनं बी फोटू काडता येतो. तुमच्या त्या शूटिंगमदी कुटं त्यांचं तोंड दिसतं का? ते म्हनायचे, दिसतं. एका जागी लय चांगलं दिसतं म्हनायचे."

मी म्हणालो, "बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. तरी सांगलीत येऊन त्या व्हिडिओवाल्याला शोधून काढला. आता त्याचा मोठा स्टुडिओ आहे. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, त्या सिनेमाची एखादी कच्ची कॅसेट उरली असेल का? तो म्हणाला, "मास्तर, तुम्हीच पुसायला सांगितली होती की. मी त्याच आठवड्यात त्याच्यावर एक लग्न घेतलं. मला वाईट वाटलेलं, चांगला चेहरा आला होता माणसाचा." मग म्हणाला, "तुम्ही त्या कात्रीमुळं सांगितलं ना?"

एवढी वर्षं त्याला माहीत होतं. मी चहा संपवला आणि उठलो.

परवा पुन्हा तुझ्या गावाला गेलो. बायकोला सांगितलं, फोटोचं सांगायला जातोय. गाडीत ठरवत होतो की एवढंच सांगायचं, कॅसेट मिळाली नाही. तेही खरंच होतं. तुझ्या दारात पोचलो तोवर तेच ठरलेलं होतं.

शालनवहिनी म्हशीची धार काढायला निघाल्या होत्या. मला बघून चरवी खाली ठेवली. आई बाजेवर बसलेली. मी खांबाशी बसलो आणि तोंड उघडलं, आणि ठरवलेलं बाहेर आलंच नाही. जाळीचे दोन पदर सांगितले. चेन सांगितली. कात्री सांगितली, पन्नास सेकंद सांगितले. बापूसाहेबांच्या खोलीत तुझ्या अब्रूविषयी काय काय बोललो ते सांगितलं. फाट्यावर तुला काय म्हणालो ते सांगितलं. कॅसेट पुसायला मीच सांगितली, तेही. आवाज कापरा वगैरे काही झाला नाही माझा. यादी वाचल्यासारखं बोललो.

वहिनी खाली बघत होत्या. म्हैस मागं हंबरायला लागली. मला वाटलं, त्या आता उठा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मी उठलो असतो.

त्या म्हणाल्या, "तोंड कसं हुतं तवा त्यांचं?"

मला कळलं नाही. "म्हणजे?"

"भायेर काडलं तवा. तुमी बघितलंय न्हवं? तुमी तोंडं रंगिवनारं मानूस. सांगा की."

मग मी सांगितलं. मला दुसरं काय येतं? कपाळ कुठपर्यंत लाल होतं आणि केसांच्या कडेला कुठं पांढुरकं राहिलं होतं. डाव्या भुवईत मध्येच केस नव्हते, तिथं घामाचा एक थेंब अडकला होता. नाकाच्या शेंड्यावर रबराचा कपटा चिकटलेला. पापण्या आधी फडफडल्या, मग उजवा डोळा अगोदर उघडला. हसताना ओठ एका बाजूनं आधी वर गेला, आणि वरच्या दातांतली ती फट दिसली. मी बोलत होतो तशी आई बाजेवर पुढं पुढं सरकत होती. फटीचं आल्यावर ती म्हणाली, "व्हय, हुती. पडला हुता बारीक आसताना, तवाचा दात." माझ्याशी नाही, स्वतःशीच.

मी थांबलो. वहिनींनी चरवी उचलली. त्यांनी मला माफ केलं का नाही ते मला समजलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्यांचे डोळे कोरडे होते, माझ्यासारखेच. गोठ्याकडं जाताना त्या वळल्या.

"रूपा शाळंत हाय आज. रइवारी घरी असती. तवा या, आन् तिला सांगा. जे झालं ते सगळं सांगा, कात्रीचं बी. पर तोंडाचं नीट सांगा. मगाशी कानाचं काय बोलला न्हाईसा."

कानाचं मला आठवेना. कालपासनं तेच करतोय, हणमंता. डोळे मिटून बसतो आणि तुझे कान आठवतो. पातळ होते का, डोक्याला चिकटून होते का बाहेर, पाळीला भोक होतं का. शूटिंगभर तुझ्या डोक्यावर डोकं बसवलं मी, रोज. काही काही सापडायला लागलंय.

रविवारी जातोय. सकाळची विट्याची गाडी आहे.